नाव बदललं, फाइल तीच राहिली: डीएसटी झालेल्या फोल्डरची सोडवणूक

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरात अक्कलकोट रोडवरच्या एका गणवेशाच्या कारखान्यात संगणकाचं काम बघणाऱ्या ताईंना शाळेचा मोनोग्राम व्हॉट्सअॅपवर जेपीजी फोटो म्हणून आला. एम्ब्रॉयडरी मशीन डीएसटी प्रकारची, म्हणजे टाक्यांच्या सूचनांची फाइल मागतं, म्हणून त्यांनी रीनेम करून नावाच्या शेवटी डीएसटी लिहिलं. मशीनने फाइल घेतली नाही. मग कुणीतरी सुचवलं म्हणून त्यांनी कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ‘रेन’ ही नाव बदलायची आज्ञा दिली. त्या फोल्डरमधले फोटो, पीडीएफ, एक्सेलची बिलं, जुनी डिझाइनं अशा जवळपास सगळ्या फाइलींच्या नावाला डीएसटी लागलं. काही फाइली मात्र जुन्याच नावाने राहिल्या. शाळा उघडायला थोडेच दिवस उरलेत आणि फोल्डरमधलं काही उघडत नाही. डेटा गेला का, आणि मोनोग्राम मशीनवर कसा घ्यायचा?

ताई, डेटा गेलेला नाही. रीनेम केल्याने फाइलच्या आतला एक बाइटही बदलत नाही. डिस्कवर फाइलचं नाव एका नोंदीत असतं आणि मजकूर दुसरीकडे असतो. तुम्ही फक्त नोंदीतलं नाव बदललं. चादरींच्या गठ्ठ्यावर टॉवेलचं लेबल चिकटवलं तरी आत चादरीच राहतात, तसंच हे आहे. पण एक काळजी आत्तापासून घ्या. यातली कुठलीही फाइल चुकीच्या प्रोग्रॅममध्ये उघडून सेव्ह करू नका. नुकसान नाव बदलल्याने होत नाही, चुकीच्या ठिकाणी सेव्ह केल्याने होतं. आणि ‘उघडत नाही म्हणजे खराब झाली’ असं समजून काही डिलीटही करू नका.

आधी फोल्डर सोडवू, मग मोनोग्रामकडे येऊ.

फाइल एक्सप्लोररमध्ये रीनेम केलं असतं तर लगेच कंट्रोल आणि झेड दाबून ते मागे घेता आलं असतं. कमांड प्रॉम्प्टमधल्या ‘रेन’ला मागे घेणं नाही. ‘सगळं काही’ या अर्थाची चांदणी वापरून दिलेली आज्ञा कसलाही प्रश्न न विचारता सगळ्या फाइलींवर चालते. थोड्या फाइली जुन्या नावाने का राहिल्या, त्याचंही कारण आहे. समजा फोल्डरमध्ये ‘मोनोग्राम’ नावाची एक जेपीजी आणि त्याच नावाची एक पीडीएफ होती. पहिली ‘मोनोग्राम.डीएसटी’ झाली. दुसरीलाही तेच नाव द्यायची वेळ आली तेव्हा विंडोजने नकार दिला, कारण एका फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाइली राहू शकत नाहीत. म्हणजे ज्या राहिल्या त्या नावांच्या टकरीमुळे राहिल्या. त्यांची चिंता नको, त्या जशा होत्या तशाच आहेत.

आता संपूर्ण फोल्डरची एक प्रत दुसऱ्या ड्राइव्हवर किंवा पेन ड्राइव्हवर करून घ्या. पुढचं सगळं काम त्या प्रतीवर करायचं, मूळ फोल्डरला हात लावायचा नाही. जुन्या बिलांचा प्रश्न आहे, म्हणून ही पायरी घाईतही सोडू नका.

त्यानंतर प्रत्येक फाइलच्या आत काय आहे ते ओळखायचं. नावावर विश्वास नसला तरी फाइल स्वतःची ओळख सांगते, कारण बहुतेक प्रकारांच्या फाइलींच्या सुरुवातीलाच ठरलेली खूण असते. नोटपॅड उघडा, त्यात एकेक फाइल ओढून टाका आणि फक्त पहिली ओळ बघा. बाकीची अगम्य अक्षरं सोडून द्या आणि सेव्ह न करता बंद करा. पीडीएफची सुरुवात टक्क्याच्या चिन्हाने होते आणि लगेच पीडीएफ ही तीन रोमन अक्षरं दिसतात. पीएनजी चित्रात पहिलं अक्षर विचित्र असतं आणि त्यापुढे पीएनजी. जेपीजी फोटोत सुरुवातीची चार-सहा अक्षरं वाचता येत नाहीत, पण त्यांच्या लगेच पुढे जेएफआयएफ किंवा एक्झिफ असं दिसतं. जीआयएफ चित्र जीआयएफ८७ए किंवा जीआयएफ८९ए असं सुरू होतं. खरी डीएसटी फाइल ‘एलए’ आणि विसर्गासारख्या दोन टिंबांनी सुरू होते, पुढे डिझाइनचं नाव आणि टाक्यांची संख्या असते. म्हणजे तुमची जुनी, खरी डिझाइनं कुठली तेही इथेच वेगळं निघतं.

सुरुवातीला ‘पीके’ दिसलं तर ती झिप पद्धतीची फाइल आहे. झिप पद्धत काढणाऱ्या फिल कॅट्झ यांच्या नावाची ती आद्याक्षरं. २००७ च्या ऑफिसपासून आलेल्या वर्ड, एक्सेल आणि पॉवरपॉइंटच्या फाइली, म्हणजे डीओसीएक्स, एक्सएलएसएक्स, पीपीटीएक्स, आतून झिपच असतात. म्हणून ‘पीके’ एवढ्यावरून वर्ड की एक्सेल ते कळत नाही. अशा फाइलच्या शेवटी झिप लिहा आणि उघडा. आत ‘वर्ड’ नावाचं फोल्डर दिसलं तर ती वर्डची फाइल, ‘एक्सएल’ दिसलं तर एक्सेलची, ‘पीपीटी’ दिसलं तर पॉवरपॉइंटची. आत साधे फोटो किंवा इतर फाइली निघाल्या तर ती खरोखरच झिप. पाहून झालं की योग्य नाव द्या. तुमची बिलं अशीच सापडतील. २००७ च्या आधीच्या पद्धतीच्या वर्ड आणि एक्सेल फाइलींची सुरुवात वाचता येत नाही आणि दोन्हींची खूण एकच असते. त्या आधी एक्सेलमध्ये उघडून बघाव्या, नाहीतर वर्डमध्ये.

चित्रं खूप असतील तर इरफानव्ह्यू हा प्रोग्रॅम वापरा. शेपटी, म्हणजे नावातल्या शेवटच्या टिंबानंतरची अक्षरं, चुकली असेल तर ‘ही खरं तर जेपीजी फाइल आहे, नाव दुरुस्त करू का’ असं तो स्वतःच विचारतो. लिनक्सचा संगणक जवळ असेल तर तिथे ‘फाइल’ नावाचीच आज्ञा आहे. ती नावाकडे बघतच नाही, आतली खूण वाचून प्रकार सांगते.

प्रकार कळले की प्रतीमध्येच वेगवेगळी उपफोल्डरं करा. जेपीजी एकात, पीडीएफ दुसऱ्यात, एक्सेल तिसऱ्यात. मग ज्या आज्ञेने घोळ केला तीच आज्ञा एकेका उपफोल्डरात उलटी द्या: डीएसटीच्या जागी जेपीजी, डीएसटीच्या जागी पीडीएफ. आज्ञा वाईट नव्हती. मिश्र फोल्डरवर चालवली म्हणून घोळ झाला. नंतर दोन-चार फाइली उघडून बघा आणि समाधान झाल्यावरच मूळ फोल्डर बाजूला ठेवा. साध्या मजकुराच्या आणि सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या तक्त्याच्या, फाइलींना बहुधा अशी खूण नसते, पण नोटपॅडमध्ये त्या सरळ वाचता येतात. प्रत्येक ओळीत स्वल्पविराम दिसले तर सीएसव्ही.

हे एवढं करावं लागतं त्याचं कारण विंडोजची पद्धत. फाइलवर दोनदा क्लिक केलं की विंडोज आत डोकावत नाही. शेवटच्या टिंबानंतरची अक्षरं वाचतं, त्या अक्षरांसाठी कुठला प्रोग्रॅम ठरवला आहे ते पाहतं आणि फाइल त्याच्या हवाली करतं. पहिल्यापासून हे असंच आहे. विंडोजच्या आधीच्या, १९८१ च्या डॉस या प्रणालीत नावाला आठ आणि शेपटीला तीन अक्षरं एवढीच जागा होती, आणि ती पद्धतही त्याआधीच्या सीपीएम या प्रणालीकडून आलेली. जेपीईजीचं जेपीजी झालं ते या तीन अक्षरांच्या मर्यादेमुळे. १९९५ च्या विंडोजने लांब नावं दिली, पण त्याच वेळी ओळखीच्या शेपट्या लपवायची सवयही लावली. नवख्या माणसाच्या हातून शेपटी पुसली जाऊ नये हा हेतू असावा. माझं मत विचाराल तर कामाच्या संगणकावर ही सोय त्रासाचीच ठरते. शेपटी लपलेली असताना तुम्ही ‘मोनोग्राम.डीएसटी’ लिहिता, प्रत्यक्षात फाइल होते ‘मोनोग्राम.डीएसटी.जेपीजी’. पडद्यावर डीएसटी दिसतं, चिन्ह मात्र फोटोचंच राहतं आणि माणूस तासभर मशीनवर राग काढत बसतो. विंडोज ११ मध्ये फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये शो आणि तिथे फाइल नेम एक्स्टेन्शन्स, १० मध्ये व्ह्यूच्या पट्टीवरच तो चौकोन. कारखान्यातल्या प्रत्येक संगणकावर आजच टिक करून ठेवा.

शेपट्या दिसू लागल्या की रीनेम करताना एफ टू दाबा. विंडोज फक्त टिंबाच्या आधीचं नाव निवडतं, शेपटीला हात लागत नाही. तरीही शेपटी बदलली तर ‘फाइल निरुपयोगी होऊ शकते’ असा इशारा येतो. तो इशारा थोडा घाबरवणारा आहे, फाइल त्याने मरत नाही. पण तो आला की हात थांबवून वाचा.

आता मोनोग्राम. इथे मला जरा सविस्तर सांगायचंय, कारण आपल्या गावात गणवेशाचा धंदा मोठा आहे आणि या एका गैरसमजात अनेकांचा वेळ जातो. जेपीजी फोटोत रंगांचे ठिपके असतात: या ठिकाणी निळा, त्या ठिकाणी पांढरा. डीएसटीत एकही ठिपका नसतो. तिच्या सुरुवातीला ५१२ बाइटचा मथळा असतो आणि पुढे मशीनसाठी सूचनांची रांग: फ्रेम इतकी उजवीकडे सरकव, इतकी वर सरकव, टाका घाल, दोरा न घालता उडी मार, रंग बदलायला थांब. प्रत्येक सूचनेला तीन बाइट. अंतर मिलिमीटरच्या दहाव्या भागात मोजलं जातं आणि एका सूचनेत फ्रेम जास्तीत जास्त १२.१ मिलिमीटर सरकते. ठिपक्यांमधून या सूचना आपोआप निघत नाहीत. कुठला भाग सॅटिन टाक्याने भरायचा, कुठला भराव टाक्याने, आधी कुठला रंग, अक्षराची बारीक रेघ किती टाक्यांत बसवायची, कापड ओढलं जाईल म्हणून किती जास्त घ्यायचं, हे माणसाने ठरवायचं असतं. या कामालाच पंचिंग म्हणतात.

म्हणून तो जेपीजी पंचिंग करणाऱ्याकडे द्या, किंवा विलकॉमसारखं सॉफ्टवेअर असेल तर स्वतः करा. शिकायचं असेल तर इंकस्केप या चित्रांच्या प्रोग्रॅमवर चालणारं इंक-स्टिच मोफत आहे. ‘ऑटो’ बटणाने होतं असं कुणी सांगेल. साध्या गोल चिन्हाला ते चालून जातं. पण शाळेच्या मोनोग्राममध्ये खाली कमानीत बारीक देवनागरी अक्षरं असतात, त्यांच्या मात्रा आणि वेलांट्या ऑटोमध्ये एकमेकींत मिसळतात. असं काम गणवेशाच्या खिशावर गेलं की मुख्याध्यापक परत पाठवतात, आणि त्यांचं बरोबर असतं.

दोन गोष्टी याच्याशी जोडून लक्षात ठेवा. शाळेकडून मोनोग्राम मागताना फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सअॅप तो दाबून लहान करतं आणि अक्षरांच्या कडा फुटतात. शाळेच्या लेटरहेडची कोरलड्रॉ फाइल छापखान्यात असेल तर ती सगळ्यात उत्तम. आणि डीएसटीत दोऱ्याचे खरे रंग नसतात, फक्त ‘इथे रंग बदला’ एवढं असतं. म्हणून संगणकावर उघडल्यावर निळ्याच्या जागी भलताच रंग दिसला तर फाइल बिघडलेली नाही. दोऱ्यांचे नंबर क्रमाने वेगळ्या कागदावर किंवा साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, डिझाइनच्याच नावाने, शेजारी ठेवा. चादरींवर नक्षी विणणाऱ्या जॅकार्ड यंत्रालाही हेच लागू आहे. इलेक्ट्रॉनिक जॅकार्डला स्टॉब्ली कंपनीची जेसी५ किंवा बोनास कंपनीची ईपी अशी त्या यंत्राची फाइल लागते. बीएमपी चित्रातल्या डिझाइनला नुसतं ते नाव देऊन माग चालणार नाही, विणीचा हिशेब त्यात भरावाच लागतो.

मग शेपटी बदलणं नेहमीच चूक का? नाही. आतला प्रकार बरोबर आणि शेपटी चुकलेली असेल तेव्हा रीनेम हाच खरा उपाय. जेपीईजी, जेपीजी आणि ब्राउझरमधून कधी कधी उतरणारी जेएफआयएफ, या तिन्हींच्या आत एकच प्रकार असतो. ऑनलाइन फॉर्म ‘जेपीजीच हवी’ म्हणून अडला तर जेएफआयएफचं नाव बेधडक जेपीजी करा. ईमेलमध्ये किंवा व्हॉट्सअॅपवर शेपटी गळून आलेल्या फाइलीलाही ती जोडून द्या.

फसगत होते ती पुढच्या प्रकारात. पीएनजीचं किंवा वेबपी या वेबवरच्या चित्रप्रकाराचं नाव बदलून जेपीजी केलं आणि ती संगणकावर छान उघडली. ‘बघा, झाली की जेपीजी!’ झालेली नसते. ब्राउझर आणि चित्रं दाखवणारे बरेच प्रोग्रॅम शेपटीकडे दुर्लक्ष करून आतली खूण वाचतात, म्हणून ती उघडते. पुढे नवी पेठेतल्या छापखान्यात किंवा फॉर्मच्या संकेतस्थळावर तीच फाइल नाकारली जाते आणि दोष त्यांना दिला जातो. आयफोनच्या एचईआयसी फोटोंचंही तेच. २०१७ च्या आयओएस ११ पासून फोन त्या प्रकारात फोटो साठवतो. त्यांना जेपीजी करायचं तर उघडून सेव्ह अॅज किंवा एक्स्पोर्ट करावं लागतं. पेंटमध्ये पीएनजी उघडून सेव्ह अॅजमध्ये जेपीजी निवडणं हे खरं रूपांतर, कारण तिथे चित्र नव्याने लिहिलं जातं.

हिशेबाच्या टेबलावरचे दोन प्रकारही सांगतो, कारण तुमच्या फोल्डरमध्ये बिलं आहेत. काही संकेतस्थळांवरून उतरवलेला ‘एक्सेल’ अहवाल आतून वेबपानाचा तक्ता असतो, नाव तेवढं एक्सएलएस. तो उघडताना एक्सेल म्हणतं की प्रकार आणि शेपटी जुळत नाही. स्रोत खात्रीचा असेल तर होय म्हणा आणि लगेच सेव्ह अॅज करून एक्सएलएसएक्समध्ये घ्या. नुसतं नावात एक्स वाढवलं तर एक्सेल उघडायलाच नकार देईल. दुसरं, टॅली ईआरपी ९ च्या बॅकअपचं नाव टीबीके९००.००१ असतं. ती ‘००१’ बघून कुणी झिप किंवा एक्सेल करायला जातं आणि मग रिस्टोअर करताना टॅलीला बॅकअप सापडत नाही. ते नाव आहे तसंच ठेवा.

छापखान्याशी व्यवहार असेल तर कोरलची सीडीआर फाइल ‘उघडत नाही’ ही तक्रार येईलच. तिथे शेपटी बरोबर असते, आवृत्ती नवी असते. नव्या कोरलमध्ये सेव्ह करताना जुनी आवृत्ती निवडायला सांगा.

एका बाबतीत मात्र शेपटी तुमची रखवालदार आहे. मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ नावाचा विषाणू जगभर पसरला. त्याची फाइल प्रेमपत्राच्या नावाची होती, नावात टीएक्सटी होतं आणि त्यापुढे व्हीबीएस, म्हणजे चालणाऱ्या प्रोग्रॅमची शेपटी. शेपटी लपवलेल्या विंडोजवर लोकांना साधी मजकुराची फाइल दिसली. आज तीच युक्ती ‘बिल.पीडीएफ.ईएक्सई’ अशी येते, किंवा फोनवर लग्नपत्रिका, चलन, योजनेचा अर्ज या नावाने एपीके फाइल येते. पत्रिका एपीके असूच शकत नाही. एपीके म्हणजे फोनवर चढणारं अॅप. ओळखीच्या नंबरवरून आली तरी उघडू नका, कारण तो नंबरही आधी फसलेल्या माणसाचा असू शकतो. आणि तुम्ही काहीही न करता सगळ्या फाइलींना अनोळखी शेपटी लागलेली दिसली, जोडीला पैसे मागणारी मजकुराची फाइल असली, तर तो खंडणीचा विषाणू आहे. तिथे रीनेम कामाचं नाही, कारण आतला मजकूरच कुलूपबंद केलेला असतो. नेटची केबल काढा, बॅकअपचा ड्राइव्ह त्या संगणकाला जोडू नका आणि जाणकाराला बोलवा. तुमच्या बाबतीत तसं काही नाही. तुमच्या फोल्डरला काय झालं ते तुम्हीच सांगितलंय.

राहिलं नावांचं. पंचिंग होऊन डीएसटी आली की ती पेन ड्राइव्हवर घेताना नाव आठ रोमन अक्षर-अंकांत बसवा, मध्ये जागा सोडू नका. अनेक जुन्या एम्ब्रॉयडरी मशीनच्या पडद्यावर लांब नाव कापलं जातं, आणि मराठी, कन्नड किंवा तेलुगूत दिलेलं नाव तर चौकोनांचं दिसतं. पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला असू द्या आणि मशीनच्या पुस्तिकेत किती क्षमतेपर्यंतचा चालतो ते बघा. संगणकावर मात्र पूर्ण मराठी नाव खुशाल द्या, शाळा आणि वर्षासकट. फक्त तारीख लिहिताना तिरकी रेघ चालत नाही, उलटी तिरकी रेघ, दोन टिंबं, प्रश्नचिन्ह, चांदणी, दुहेरी अवतरण, उभी रेघ आणि लहान-मोठ्याची चिन्हंही नाहीत. १२-०६ असं आडव्या रेघेने लिहा. ‘कॉन’, ‘ऑक्स’, ‘पीआरएन’, ‘नल’ ही रोमन अक्षरांतली नावं विंडोजने उपकरणांसाठी राखून ठेवली आहेत, ती फाइलला देता येत नाहीत. फोल्डरात फोल्डर करत पूर्ण मार्ग २६० अक्षरांच्या पुढे गेला तर बरेच प्रोग्रॅम फाइल उघडत नाहीत, म्हणून ‘शाळा’, त्यात शाळेचं नाव, त्यात वर्ष, एवढ्यावर थांबा. पंचिंगची मूळ फाइल, विलकॉमची असेल तर ईएमबी, तिथेच डीएसटीशेजारी ठेवा. पुढच्या वर्षी मोनोग्रामचा आकार बदलायला सांगितला तर डीएसटी ताणून टाके बिघडतात, ईएमबीतून ते नव्याने काढता येतात.